मैदान कोणाचे? अमेरिकन बास्केटबॉलमधील वर्णरेषा

राखीव जागांचा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये एक दाखला हमखास दिला जातो. देणारा माणूस बदलतो, दाखला तोच असतो. "अमेरिकेतल्या बास्केटबॉलकडे पाहा. निम्म्याहून अधिक खेळाडू काळे. कुणी सवलत दिली त्यांना? गुणवत्ता दाखवली, जागा मिळवली." पूर्वी हे ऐकून मी गप्प बसत असे, कारण त्या खेळाची मला माहिती नव्हती. आमच्या गावच्या शाळेला मैदानच नव्हते, मग बास्केटबॉलचे खांब कुठले! पण एन.बी.ए.चे सामने आता मोबाइलवर दिसतात, मुले त्या संघांच्या जर्सी घालून वर्गात येतात. आणि मागल्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाने, आपल्याच वस्तीतल्या मुलाने, हा दाखला मला ऐकवला. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला तो आला होता. "सर, हे घ्यायची लाज वाटते" असे खाली मान घालून म्हणाला आणि मग दाखला दिला. त्याला द्यायचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. ते शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

या दाखल्यात जे काळे खेळाडू दिसतात ते आजचे. ते आत कधी आले, कोणी येऊ दिले, किती येऊ दिले आणि आत आल्यावर त्यांच्या वाट्याला कोणते काम आले, हे प्रश्न दाखला देणाऱ्याला पडत नाहीत. इतिहास तिथूनच सुरू होतो.

१८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी, ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला. हिवाळ्यात बंद खोलीत मुलांना खेळता यावे एवढाच हेतू होता. पीच फळांच्या दोन टोपल्या आणि एक चेंडू एवढेच साहित्य. खेळ स्वस्त, म्हणून झपाट्याने पसरला. मात्र ज्या व्यायामशाळांतून तो पसरला त्या गोऱ्यांच्या होत्या. एडविन हेंडरसन हा काळा शिक्षक १९०४ साली हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात तो शिकला आणि वॉशिंग्टनमधल्या काळ्या मुलांना शिकवू लागला. १९०७ साली तो तिथल्या गोऱ्यांच्या संस्थेत सामना पाहायला गेला तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले. तरुणांसाठी, बंधुभावासाठी, येशूच्या नावाने चालणारी ती संस्था होती! देवळाच्या पायऱ्यांवरून परत फिरलेल्या आपल्या वाचकांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शिकवीत असे. १९३३ साली जॉन मॅकलेंडन हा काळा विद्यार्थी तिथे आला. नेस्मिथने त्याला हातचे काही राखून न ठेवता शिकवले. गुरू द्रोणाचार्य नव्हता. त्याने अंगठा मागितला नाही. पण विद्यापीठाच्या संघात काळ्याला जागा नव्हती, त्यामुळे खेळाच्या जन्मदात्याकडून खेळ शिकलेला मॅकलेंडन एकदाही त्या संघातून खेळू शकला नाही. एखादा सवर्ण शिक्षक मनाने चांगला असणे आणि व्यवस्था बदललेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आत्मकथनांतही असे चांगले गुरुजी भेटतात. ते वर्गात पुढे बसवतात, पण पाणवठा त्यांच्या हातात नसतो.

मॅकलेंडन दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम येथील काळ्यांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाला. धावून, वेगाने हल्ला चढवण्याची जी शैली आज या खेळाची ओळख आहे ती घडवणाऱ्यांत तो अग्रभागी होता. १२ मार्च १९४४ च्या रविवारी सकाळी, सारे गाव चर्चमध्ये असताना, त्याच्या मुलांनी शेजारच्या ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या मुलांबरोबर दारे बंद करून एक सामना खेळला. तो कायद्याविरुद्ध होता. पाहुण्यांना लपूनछपून आणावे लागले. काळ्यांचा संघ ८८ विरुद्ध ४४ गुणांनी जिंकला. मग त्यांनी खेळाडूंची सरमिसळ करून दुसरा डाव मांडला. या सामन्याची हकिकत लोकांसमोर यायला ५० वर्षांहून अधिक काळ जावा लागला. गुणवत्ता कुलूपबंद दाराआड सिद्ध झाली. बाहेर तिची नोंदसुद्धा नव्हती.

व्यावसायिक खेळातही हेच घडत होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथून पायी जाता येईल अशा हार्लेममध्ये त्याच सुमारास काळ्यांची वस्ती दाट होत होती. त्या हार्लेममध्ये १९२३ साली बॉब डग्लस या सेंट किट्स बेटावरून आलेल्या माणसाने 'न्यूयॉर्क रेनेसान्स' हा संघ उभा केला. मालक काळा, खेळाडू काळे. मैदान म्हणजे एका नृत्यगृहाची फरशी. सामना संपला की तिथेच नाच सुरू होई. १९३२-३३ च्या हंगामात या 'रेन्स'नी सलग ८८ सामने जिंकले. १९३९ साली शिकागो येथे पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात ओशकॉशच्या गोऱ्या संघाला हरवून त्यांनी ती जिंकली. जगज्जेते! आणि या जगज्जेत्यांना प्रवासात जेवायला हॉटेल मिळत नसे, झोपायला खोली मिळत नसे. सामना संपला की बसमध्ये बसून, काळ्यांची वस्ती असलेले गाव येईपर्यंत शेकडो मैल जायचे.

दुसरा संघ हार्लेम ग्लोबट्रॉटर्स. नावात हार्लेम असले तरी तो शिकागोचा, आणि मालक एब सेपरस्टीन हा गोरा. १९४० ची जागतिक स्पर्धा याही संघाने जिंकली. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत सुमारे १८ हजार प्रेक्षकांसमोर त्यांनी गोऱ्यांचा सर्वोत्तम संघ मिनियापोलिस लेकर्स याला ६१ विरुद्ध ५९ असे हरवले. समोर उंचापुरा जॉर्ज मायकन होता. पुढल्या वर्षी त्यांनी लेकर्सना पुन्हा हरवले. पण ग्लोबट्रॉटर्सची ख्याती झाली ती कसरतींसाठी, विनोदासाठी. गोऱ्या प्रेक्षकाला काळ्याचे कौशल्य चालत होते, पण ते हसवणारे असेल तर. आपल्याकडे सोंगाड्या आणि नाच्या अस्पृश्यांतून घ्यायचा, त्याच्यावर रात्रभर हसायचे आणि सकाळी त्याची सावली चुकवायची, ही तऱ्हा याहून वेगळी नाही.

आता मूळ लीगकडे येऊ. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका' स्थापन झाली. सुरुवातीला ११ संघ. मालक बहुतेक बर्फावरील हॉकीच्या मोठमोठ्या क्रीडागृहांचे धनी. हॉकी नसेल त्या रात्री जागा रिकामी राहू नये हा त्यांचा व्यवहार. प्रतिस्पर्धी 'नॅशनल बास्केटबॉल लीग' जुनी, छोट्या गावांतली, कारखान्यांच्या आधाराने चालणारी. तिने १९४२ सालीच काही काळे खेळाडू घेतले होते, कारण युद्धामुळे माणसे कमी पडली होती. १९४८-४९ च्या हंगामात तिच्यातला एक संघ मोडला तेव्हा त्याच्या जागी रेन्सना घेण्यात आले. हार्लेमचा संघ ओहायोतील डेटन गावाच्या नावाने खेळला. ३ ऑगस्ट १९४९ रोजी या दोन लीग एक होऊन 'नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन' म्हणजे एन.बी.ए. झाली. १७ संघ आत घेतले गेले, रेन्सना मात्र घेतले नाही. दहा वर्षांपूर्वीचा जगज्जेता संघ दाराबाहेर राहिला आणि बंद पडला.

येथे थोडे थांबले पाहिजे. १९२३ ते १९५० ही २७ वर्षे. या २७ वर्षांत काळ्यांच्या गुणवत्तेचा पुरावा कमी होता काय? गोऱ्यांना हरवलेले सामने, जिंकलेली अजिंक्यपदे, भरलेली क्रीडागृहे, सगळे होते. दार उघडले नाही ते गुणवत्ता दिसली नाही म्हणून नव्हे. एक कारण तर शुद्ध हिशेबाचे होते: लीगचे सामने पाहायला गर्दी होत नसे, म्हणून मालक त्याच तिकिटात ग्लोबट्रॉटर्सचा खेळ ठेवीत. काळे खेळाडू लीगमध्ये घेतले तर सेपरस्टीन बिथरेल आणि ती गर्दी जाईल ही त्यांना धास्ती होती.

२५ एप्रिल १९५० रोजी खेळाडूंची निवड झाली तेव्हा बोस्टन सेल्टिक्सचा मालक वॉल्टर ब्राउन याने ड्युकेन विद्यापीठाच्या चक कूपरचे नाव घेतले. वॉशिंग्टनने अर्ल लॉइडला नवव्या फेरीत निवडले. न्यूयॉर्क निक्सने ग्लोबट्रॉटर्सकडून नॅट क्लिफ्टनला विकत घेतले. वेळापत्रकाच्या योगायोगाने लॉइड पहिला ठरला: ३१ ऑक्टोबर १९५०, रॉचेस्टर. दुसऱ्या दिवशी कूपर, आणखी तीन दिवसांनी क्लिफ्टन. (त्याआधी १९४७ साली जपानी वंशाचा वॅट मिसाका निक्सकडून तीन सामने खेळला होता आणि त्याला सोडून देण्यात आले होते. गोरेतर म्हणून पहिला मान त्याचा. इतिहासात तो सहसा कंसातच राहतो, म्हणून मीही कंसातच लिहून गेलो, हे ध्यानात आले.)

फोर्ट वेन येथे हॉटेलने लॉइडला खोली दिली, पण भोजनगृहात बसू दिले नाही. त्याचा गोरा प्रशिक्षक बोन्स मॅकिनी ताट घेऊन त्याच्या खोलीत आला आणि त्याच्याबरोबर जेवला. लॉइड हे म्हातारपणीही विसरला नाही. आपल्याला यावरून बाळू पालवणकर आठवले पाहिजेत. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळे तेव्हा मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वजण झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२३ साली ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले हे खरे आहे, पण त्यामुळे ते मातीचे भांडे खोटे होत नाही.

काळे खेळाडू लीगमध्ये आले, पण मोजून. प्रत्येक संघात दोन, फार तर तीन. ही मर्यादा कुठे लिहिलेली नव्हती आणि सर्वांना ठाऊक होती. १९५८ साली सेंट लुइस हॉक्सने जिंकलेले अजिंक्यपद हे केवळ गोऱ्या खेळाडूंच्या संघाचे शेवटचे. आत आलेल्यांच्या वाट्याला कोणते काम? चेंडू अडवणे, धक्के खाणे, परतलेला चेंडू पकडून गोऱ्या खेळाडूच्या हाती देणे. गुण मिळवणे हे दुसऱ्यांचे काम. कूपरने पुढे याबद्दल कडवटपणे सांगितले आहे. जात ही कामे वाटत नाही, कामे करणाऱ्या माणसांनाच वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले. फरशीवरच्या पाच माणसांतही तोच नियम लागू होता. १९६१ साली क्लिओ हिल हा काळ्यांच्या एका छोट्या महाविद्यालयातला विलक्षण नेमबाज हॉक्समध्ये आला. त्याने गुण मिळवावेत हे संघातल्या प्रस्थापितांना मानवले नाही. प्रशिक्षक पॉल सीमोर त्याच्या बाजूने उभा राहिला. त्याला काढून टाकण्यात आले. हिलची कारकीर्द एका हंगामात संपली.

तर राखीव जागा होत्याच. संघातल्या १० जागांपैकी सात-आठ गोऱ्यांसाठी राखीव होत्या. फक्त त्या राखीव जागांना 'गुणवत्ता' असे नाव होते. त्या मुलाला मला एवढेच सांगायचे होते. लाज वाटायची असेल तर ती त्या सात-आठांना वाटायला हवी होती, आणि त्यांना ती वाटल्याची नोंद फारशी सापडत नाही.

मर्यादा मोडली ती दोन गोष्टींमुळे: जिंकण्याची हाव आणि खेळाडूंचा नकार. दोन्हीच्या केंद्रस्थानी बिल रसेल उभा आहे. १९३४ साली लुइझियानातील मन्रो येथे जन्मलेला, ओकलंडच्या वस्तीत वाढलेला. १९५६ पासून १३ हंगामांत त्याने बोस्टनला ११ अजिंक्यपदे मिळवून दिली. डिसेंबर १९६४ मध्ये बोस्टनने सुरुवातीचे पाचही खेळाडू काळे उतरवले. लीगमध्ये असे प्रथमच घडले. १९६६ साली रसेल खेळाडू असतानाच प्रशिक्षक झाला. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगमधला त्या काळातला पहिला काळा प्रशिक्षक. त्याच बोस्टनच्या परिसरात, रेडिंग गावी, लोकांनी त्याचे घर फोडले, भिंतींवर शिव्या लिहिल्या आणि अंथरुणात घाण केली. सामना जिंकून देणारा हिरो आणि शेजारी म्हणून राहणारा काळा माणूस यांत त्या लोकांना गल्लत करायची नव्हती.

१९६१ च्या ऑक्टोबरात केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे बोस्टन आणि सेंट लुइस यांचा प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलच्या कॉफीगृहात सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स यांना नकार मिळाला. व्यवस्थापनाने नंतर सारवासारव केली, तुमच्यापुरते चालेल असे सांगितले. 'तुमच्यापुरते' या शब्दातच सारी गोम आहे. रसेल आणि बोस्टनचे इतर काळे खेळाडू सामना न खेळता विमानाने परतले. सेंट लुइसचे काळे खेळाडूही उतरले नाहीत. त्यांत तो क्लिओ हिल होता. सामना झाला, गोऱ्यांनी गोऱ्यांशी खेळला. याआधी जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स्टन येथे एल्जिन बेलर एकटाच असा बसून राहिला होता. एकट्याचा नकार आणि सर्वांचा नकार यांतले अंतर कापायला पावणेतीन वर्षे लागली.

नकारानंतर संघटना आली. खेळाडूंचा संघ १९५४ साली बॉब कूझी या गोऱ्या खेळाडूने काढला होता, पण मालक त्याला मोजत नसत. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. त्या रात्री काळे-गोरे सर्व खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत दार लावून बसले: निवृत्तिवेतनाचे वचन द्या, नाही तर खेळणार नाही. एका मालकाने आपल्या खेळाडूंना धमकीचा निरोप पाठवला. तो बेलरपर्यंत पोहोचला आणि बेलरने शेलक्या शब्दांत परत पाठवला. प्रक्षेपणाची वेळ टळत चालली तेव्हा आयुक्ताने वचन दिले.

पुढल्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन संघटनेचा अध्यक्ष झाला. देशव्यापी क्रीडा कामगार संघटनेचा पहिला काळा अध्यक्ष. तो इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स शाळेचा. काळ्या मुलांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्यासाठी ती शाळा १९२७ साली बांधली होती. १९५५ साली या शाळेने राज्याचे अजिंक्यपद मिळवले. देशात काळ्यांच्या शाळेला असा मान प्रथमच मिळाला. विजेत्यांची मिरवणूक शहराच्या मध्यवर्ती चौकात थांबून जल्लोष करण्याची तिथली रीत. या मुलांची मिरवणूक मात्र चौकातून पुढे काढून काळ्यांच्या वस्तीतल्या बागेकडे नेण्यात आली. रॉबर्टसनने ते आयुष्यभर मनात ठेवले. आमच्या गावची जयंतीची मिरवणूक कोणत्या गल्लीतून न्यायची यावर दरवर्षी पोलीस पाटलाच्या घरी बैठक होते. त्यामुळे या चौकाचा नकाशा मला वाचल्याबरोबर कळला.

१९७० साली रॉबर्टसनच्या नावाने खेळाडूंनी लीगवर दावा लावला. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा राहील अशी अट होती. १९६७ साली निघालेली दुसरी लीग गिळून टाकली की खेळाडूला जायला जागाच उरली नसती. महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासून दिलेला लढा ज्यांनी वाचला आहे त्यांना या अटीचे मर्म उमजेल. पगारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, ते मी विसरत नाही. पण माणूस कामाला नव्हे, मालकाला बांधलेला असणे हे दोन्हीकडे आहे. १९७६ साली तडजोड झाली, अट सैल झाली, चार संघ आत आले. पूर्ण मोकळीक मिळायला १९८८ उजाडले. दरम्यान स्पेन्सर हेवूड, मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या आईचा मुलगा, महाविद्यालयाची चार वर्षे पुरी होईपर्यंत लीगमध्ये येता येणार नाही या नियमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ साली त्याच्या बाजूने निर्णय झाला. आज १९-२० वर्षांचा जो मुलगा कोट्यवधीचा करार करतो तो हेवूडच्या खांद्यावर उभा आहे. त्याला ते सहसा ठाऊक नसते. मुंबईत १९७२ साली ज्यांनी अमेरिकन काळ्यांच्या चळवळीवरून आपल्या संघटनेला पँथर हे नाव दिले, त्यांनाही बास्केटबॉलमधला हा समांतर लढा फारसा माहीत नसावा.

काळे बहुसंख्य झाले तेव्हा तक्रार उलटी झाली. लीग 'फार काळी' झाली, म्हणून गोरा प्रेक्षक पाठ फिरवतो, असे सत्तरीच्या दशकात वृत्तपत्रांतून उघड लिहिले गेले. १९८० चा निर्णायक सामना देशाच्या बऱ्याच भागात त्या वेळी दाखवलाच नाही, रात्री उशिरा मुद्रण दाखवले. नंतर मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड, मायकेल जॉर्डन आणि पैसा. तो भाग सर्वांना पाठ आहे, म्हणून सोडतो. फक्त एवढे नोंदवतो की १९९० साली जॉर्डनच्याच नॉर्थ कॅरोलायनात हार्वे गँट हा काळा उमेदवार वर्णद्वेषाबद्दल कुप्रसिद्ध अशा जेसी हेल्म्सविरुद्ध उभा होता, आणि जॉर्डनने जाहीर पाठिंबा दिला नाही. आपल्यातूनही वर गेलेले काही जण निवडणुकीच्या दिवसांत असेच आजारी पडतात.

मालकीचे काय? दर १० खेळाडूंत सात काळे असलेल्या या लीगमध्ये बहुमताचा पहिला काळा मालक रॉबर्ट जॉन्सन, २००२ साली. २०१० साली तोच संघ जॉर्डनने घेतला आणि २०२३ साली विकला. त्या दिवशी एकही उरला नाही. ज्या बेलरने १९५९ साली नकार दिला होता तो पुढे २२ वर्षे लॉस एंजेलिस क्लिपर्सचा व्यवस्थापक होता. मालक डोनाल्ड स्टर्लिंग. बेलरने २००९ साली त्याच्यावर भेदभावाचा दावा लावला. ज्युरीने तो फेटाळला. २०१४ साली त्याच स्टर्लिंगचे, काळ्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस असे मैत्रिणीला बजावणारे ध्वनिमुद्रण बाहेर आले. खेळाडूंनी संघाचे नाव दिसू नये म्हणून सदरे उलटे घालून सराव केला. आयुक्ताने स्टर्लिंगला आजन्म बंदी आणि २५ लाख डॉलरचा दंड केला. संघ दोन अब्ज डॉलरना विकला गेला. शिक्षा झालेला माणूस अब्जाधीश होऊन बाहेर पडला.

१९९६ साली महमूद अब्दुल-रऊफ हा खेळाडू राष्ट्रगीताला उभा राहिला नाही तेव्हा एकटा होता. त्याला निलंबित केले गेले. २६ ऑगस्ट २०२० रोजी, विस्कॉन्सिनमध्ये पोलिसांनी जेकब ब्लेक या काळ्या तरुणाच्या पाठीत गोळ्या घातल्या त्यानंतर तीन दिवसांनी, मिलवॉकीचा संपूर्ण संघ सामन्याला उतरला नाही आणि पाठोपाठ लीग थांबली. दुसऱ्या दिवशी ८६ वर्षांच्या रसेलने लेक्झिंग्टनची आठवण जाहीरपणे सांगितली.

या रसेलची १९७५ साली खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'साठी निवड झाली होती. पहिला काळा खेळाडू म्हणून. तो गेला नाही, मान घेतला नाही. २०१९ साली मोजक्या मित्रांसमोर त्याने अंगठी स्वीकारली आणि कारण सांगितले: माझ्या आधी आलेल्यांचा तो मान होता. त्याच वर्षी चक कूपरची निवड झाली होती. नॅट क्लिफ्टन २०१४ साली निवडला गेला. खेळ सुटल्यावर त्याने शिकागोत टॅक्सी चालवली आणि १९९० साली टॅक्सीतच तो वारला. कूपर १९८४ साली गेला.